रक्तदान शिबिर म्हणजे एचआयव्ही टेस्ट नव्हे

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. आजचा विषय स्पीकरवर ऐकायचा नाही, त्यामुळे घरात सगळे असतील तर वाचलेलंच बरं.

माझा एक मित्र अंबडच्या एका कंपनीत आहे. मध्यंतरी रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "भावा, रविवारी कॉलनीत रक्तदान शिबिर आहे. ते लोक रक्त तपासतात ना? एचआयव्ही पण?"

मी "हो" लिहून मोकळा झालो. दोन मिनिटांनी माझी ट्यूब पेटली आणि मी फोन लावला. तीन आठवड्यांपूर्वी कंडोम न वापरता त्याचा संबंध आला होता. तेव्हापासून झोप उडालेली. त्याचा हिशोब सोपा होता: रक्त द्यायचं, काही निघालं तर रक्तपेढीवाले कळवतीलच, आणि कुणाला कारणही सांगावं लागणार नाही. (हे सांगायची परवानगी त्याने दिलीय. नाव सोडून.)

हा हिशोब कुठे चुकतो ते नीट बघू, कारण तो एकटाच असा विचार करत नाही.

रॅपिड टेस्ट थेट विषाणू शोधत नाही. शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. त्या तयार व्हायला साधारण तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. याला विंडो पिरियड म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर हॅक झालाय, पण लॉगमध्ये अजून नोंद पडलेली नाही. लॉग बघणारा म्हणतो, सगळं ठीक आहे. या काळात विषाणू मात्र रक्तात असतो आणि ते रक्त दुसऱ्याला चढवलं तर त्याला लागण होऊ शकते. नॅट नावाची महागडी टेस्ट हा काळ दहाएक दिवसांवर आणते, पण ती प्रत्येक रक्तपेढीत नसते, आणि तिच्यातही थोडी फट राहतेच. म्हणजे माझ्या मित्राला "निगेटिव्ह आहे" असं खोटं समाधान मिळालं असतं आणि त्याची पिशवी कुणा बाळंतिणीला चढली असती.

शिबिरात मित्रांसमोर "नाही" म्हणायची लाज वाटते, हे मान्य. "रात्री झोप झाली नाही" एवढं म्हटलं तरी पुरतं. कुणी जास्त विचारत नाही.

"मग सरळ टेस्ट कर ना," मी म्हटलं. तो म्हणाला, "आणि कंपनीत कळलं तर?"

ही भीती हवेतली नाही. गोव्यातल्या डॉमिनिक डिसूझाची गोष्ट ऐका. तो नियमित रक्तदान करायचा. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले, आणि मग त्याला कळलं की आपण एचआयव्ही पॉझिटिव्ह आहोत. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात अशा माणसाला वेगळं कोंडून ठेवायची तरतूद होती. म्हापशाजवळच्या टीबीच्या एका बंद पडलेल्या सॅनिटोरियममध्ये त्याला पहाऱ्यात ६४ दिवस ठेवलं. आजारी म्हणून नव्हे, फक्त रिपोर्ट तसा आला म्हणून! त्याची आई लुसी डिसूझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. डॉमिनिक घरी आला, पण अंतिम निकालात न्यायालयाने तो कायदा रद्द केला नाही. १९९२ मध्ये त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो गेला. 'माय ब्रदर निखिल' हा २००५ चा सिनेमा त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला.

आज काय बदललंय? १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच सांगितलं की काम करायला सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून सरकारी कंपनीला नोकरी नाकारता येणार नाही. पुढे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि नोकरी देण्यासाठी एचआयव्ही टेस्टची अट घालता येत नाही. कागदावरचा कायदा आणि कॅन्टीनमधली कुजबुज यात अंतर आहे, हे मलाही कळतं. पण कंपनीला टेस्टचं कळवायची पद्धतच नाही, हे मित्राला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मंगळवारी आम्ही दोघं त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला गेलो. तिथल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, टेस्ट फुकट होते. तो घाबरला होता म्हणून मीही करून घेतली. आधी समुपदेशक मॅडम एकेकट्याशी बोलल्या. मी उगाच खाली मान घालून बसलो होतो. त्या मात्र बँकेत केवायसी करावी इतक्या सहज प्रश्न विचारत होत्या. मग थोडं रक्त घेतलं. पहिली टेस्ट नॉन-रिॲक्टिव्ह आली तर रिपोर्ट निगेटिव्ह. रिॲक्टिव्ह आली तर वेगळ्या किटने आणखी दोन टेस्ट करतात, त्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत.

मॅडमनी आणखी एक सांगितलं आणि मित्र गप्पच झाला. धोका वाटल्यापासून ७२ तासांच्या आत गेलं तर लागण टाळणारी औषधं असतात, २८ दिवस घ्यायची. त्याला पेप म्हणतात. जितकं लवकर तितकं चांगलं. त्याने तीन आठवडे गूगल करण्यात घालवले होते.

आणि पॉझिटिव्ह निघालं तर? सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत मिळतं, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती नियमित घेऊन विषाणूचं प्रमाण टेस्टमध्ये न दिसण्याइतकं खाली आलं आणि तसंच राहिलं, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्न, मुलं, नोकरी सगळं चालतं.

जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे. नाव सांगायची गरज नाही.

मित्राचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण तीनच आठवडे झाले होते, त्यामुळे तीन महिने पूर्ण झाल्यावर परत बोलावलंय, आणि तोपर्यंत कंडोमशिवाय संबंध नाही, रक्तदान नाही. त्याने मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख टाकलीय. नाव दिलंय, 'गाडी सर्व्हिसिंग'.