इरईच्या ओरखड्यांपासून थ्वेट्सच्या तळापर्यंत

1872 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यात पैनगंगेच्या बाजूला काम करत होते. इरई गावाजवळ त्यांना चुनखडीचा एक उघडा पडलेला पट्टा दिसला. (हे गाव वेगळे, चंद्रपूरजवळचे इरई धरण वेगळे.) खडक घासून गुळगुळीत झालेला आणि त्यावर लांबच लांब, एकमेकांना समांतर ओरखडे. वरच्या थरात मातीत रुतलेले मोठाले धोंडे, आणि त्यांच्याही अंगावर तसेच चरे. नदी दगड गोल करते, पण असे सरळ चरे ओढत नाही. हे काम पोटात दगडगोटे धरून सरकणाऱ्या बर्फाचे. ज्या चांद्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तिथे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी बर्फ पसरलेला होता.

असा संशय त्याआधीही घेतला गेला होता. 1856 मध्ये ओडिशातील तालचेर भागात ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांना बारीक मातीत अडकलेले प्रचंड धोंडे सापडले, आणि त्यांनी बर्फाचे नाव घेतले. उष्ण देशात बर्फ कसला, म्हणून शंका घेणारे होतेच. इरईने मात्र वाद मिटवला. धोंडे दुरून वाहून आले म्हणता येईल. तळाचा खडक कुठून वाहून येणार?

योगायोग असा की त्याच 1872 मध्ये मेडलिकॉट यांनी या काळातल्या खडकांसाठी ‘गोंडवाना’ हे नाव वापरले. ते छापून आले 1876 मध्ये, फाइस्टमान्टेल यांच्या लेखनातून. ज्या गोंडांच्या मुलखावरून ते आले, त्या समाजाची माघ पौर्णिमेची कचारगडची जत्रा आजही आमच्या गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात भरते. पुढे 1912 पासून वेगेनर यांनी खंडे सरकतात असे मांडले, तेव्हा भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका इथल्या या जुन्या हिमखुणा त्यांना भक्कम पुरावा म्हणून उपयोगी पडल्या. 1963 मध्ये ए. जे. स्मिथ यांनी इरईच्या खडकावर पुन्हा सविस्तर लिहिले.

इथवर तळाकडे पाहायचे ते इतिहासाचा पुरावा म्हणून. वरचा बर्फ संपलेला असल्यामुळेच इरईचा तळ दिसतो. जिवंत हिमनदीचा तळ कोण पाहणार? आणि खरा प्रश्न तर तिथेच होता. हवा तापली की बर्फ वितळतो, हे कोणालाही कळते. पण अंटार्क्टिका आणि ग्रीनलँड यांचा बराचसा बर्फ जागेवर न वितळता घसरत समुद्रात जातो आणि हिमखंड होऊन तुटतो. तो किती वेगाने घसरेल, यात खालच्या जमिनीचा वाटा फार मोठा.

1957 मध्ये वीर्टमन यांनी कठीण खडकावरून बर्फ कसा सरकतो याचे गणित मांडले. लहान उंचवट्यासमोर दाबाने बर्फ वितळतो आणि पलीकडे पुन्हा गोठतो. मोठ्या उंचवट्याला तो वाकून वळसा घालतो. गणित देखणे होते, पण त्यात तळ कठीण धरलेला होता. 1986 मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातील एका वेगवान हिमप्रवाहाखाली भूकंपलहरी सोडून पाहिल्या, तेव्हा सुमारे एक किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली पाण्याने भिजलेल्या गाळाचा काही मीटरचा थर निघाला. आमच्याकडे रोवणीच्या वेळी चिखलणी केलेल्या बांधीत पाय टाकला की असा थर किती निसरडा असतो हे समजायला गणित लागत नाही. त्या हिमप्रवाहाचा शेजारी, कॅम्ब, मात्र सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जवळपास थांबला. त्याच्या तळाशी असलेल्या पाण्यात बदल झाला, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. म्हणजे वरची हवा तीच, तळ बदलला की चाल बदलते.

वरून वितळलेले पाणीही तळाशी पोचते. ग्रीनलँडच्या बर्फात उन्हाळ्यात भेगांतून पाणी खाली उतरते आणि बर्फाचा वेग वाढतो, हे झ्वाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवले.

सगळ्यात धोकादायक ठरतो तो तळाचा उतार. समुद्रसपाटीखाली असलेला तळ आत जाताना आणखी खोल होत गेला, तर बर्फाची कड मागे सरकते तसा तिथला बर्फ जाड होत जातो आणि जास्तच वेगाने वाहू लागतो. वीर्टमन यांनी 1974 मध्ये आणि मर्सर यांनी 1978 मध्ये हा इशारा दिला, तेव्हा तो पुस्तकी वाटला असावा. आज पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदी नेमक्या अशाच तळावर बसलेली आहे. तिची समुद्राकडची कड सुमारे 120 किलोमीटर रुंद आहे आणि तिच्यातला सगळा बर्फ गेला तर जगभरातील समुद्राची पातळी सुमारे 65 सेंटीमीटरने वाढेल. 2019 मध्ये मोर्लिगेम आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाच्या तळाचा नवा नकाशा काढला. त्यात पूर्वेकडच्या डेन्मन हिमनदीखाली समुद्रसपाटीपासून 3,500 मीटर खोल दरी निघाली. जमिनीवरची एवढी खोल दरी जगात दुसरी माहीत नाही.

तळ दरवेळी घातच करतो असे मात्र नाही. बर्फाचे ओझे कमी झाले की जमीन वर उचलली जाते. थ्वेट्सच्याच परिसरात, आमुंडसेन समुद्राकाठी, ती वर्षाला सुमारे 4 सेंटीमीटर उचलली जात असल्याचे 2018 मध्ये समोर आले. त्यामुळे बर्फाची माघार काहीशी मंदावू शकते, पण त्यावर भिस्त ठेवून बसावे इतका आधार त्यात नाही.

हिमालयाचे दुखणे निराळे आहे. तिथे हिमनदीने खरवडून केलेल्या खोलगट तळात, ती मागे हटली की पाणी साचते. मग ते तळेच हिमनदीचे तोंड कुरतडत राहते. सिक्कीमचे दक्षिण ल्होनाक तळे असेच वाढत गेले. ऑक्टोबर 2023 मध्ये ते फुटले आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने 2016 मध्ये स्पितीत ‘हिमांश’ हे केंद्र उघडले, ते अशाच हिमनद्यांवर नजर ठेवण्यासाठी. मराठी माणसाला बर्फाचा विषय दूरचा वाटतो, पण त्याचा बराच अभ्यास वास्कोत बसून चालतो.

आता इरईबद्दल. चुनखडीचा तो मुलूख सिमेंटसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे तिथल्या खडकाकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते हे सांगायला नको. गोंदिया-बल्लारशा गाडीने चंद्रपूरला जाणारे पर्यटक थेट ताडोबा गाठतात. त्यांनी एक दिवस इरईसाठी काढावा, शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावे. फक्त नमुना म्हणून त्या खडकाचा तुकडा कोणी फोडून आणू नये, आणि जिल्हा प्रशासनाने तो पट्टा खाणकामातून कायमचा वगळावा.