तीन बोटांची परीक्षा

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दातणाची एक कथा आहे. भिक्खू दातण करीत नसत, त्यामुळे त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येई. ही गोष्ट तथागतांच्या कानी गेली. त्यांनी दातण न करण्याचे पाच तोटे सांगितले: ते डोळ्यांना हितकर नाही, तोंडाला वास येतो, चव कळणाऱ्या वाहिन्या स्वच्छ राहत नाहीत, पित्त व कफ अन्नाला लपेटतात आणि जेवण गोड लागत नाही. मग दातणाची अनुज्ञा झाली. गंमत पुढेच आहे. सहा व्रात्य भिक्खूंच्या टोळीने लांबलचक दातणे घेतली आणि त्यांनीच श्रामणेरांना बडवले! तेव्हा नियम झाला की दातण आठ अंगुळांहून लांब नसावे. नंतर एकाने इतके तोकडे घेतले की ते घशात अडकले. पुन्हा नियम झाला, चार अंगुळांहून आखूड नसावे.

अडीच हजार वर्षांपूर्वी आपल्या शास्त्याने तोंडाच्या आरोग्याकडे इतक्या बारकाईने पाहिले. आज आपण आपल्याच माणसाच्या तोंडात डोकावून पाहत नाही.

माझे मामा दर्यापूर तालुक्यातले. रविवारची वंदना कधी चुकवायचे नाहीत. पांढरा सदरा, त्याच्या खिशात खर्र्याची पुडी. दोन वर्षांपूर्वी घरी आले तेव्हा आईने ठेचा-भाकर वाढली. मामांनी ठेचा बाजूला सारला आणि भाकर दुधात मुरवत बसले. म्हणाले, "तिखट लागलं का आग होते बापू. अन् तोंडही पह्यल्यासारखं उघडत नाई." त्याआधी एका दवाखान्यात त्यांची दाढ दोनदा काढली होती. पण खर्रा खाता का, एवढेही कोणी विचारले नव्हते. दाढ काढली, पैसे घेतले, पुढचा पेशंट.

या आजाराला डॉक्टर ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीमुळे गालाच्या आतले मऊ अस्तर हळूहळू निबर होते, पांढरट पडते, आत दोरीसारखे पट्टे तयार होतात. आधी तिखटाने आग, मग तोंड कमी उघडणे. काहींना पुढे त्याच जागी कर्करोग होतो. लोक तंबाखूला दोष देतात आणि सुपारीला सोडून देतात. "मी तर साधी सुपारी खातो," हे वाक्य आपण रोज ऐकतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवले आहे. खर्र्यात सुपारी, तंबाखू आणि चुना तिन्ही असतात. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतोच.

पंचशीलाच्या पाचव्या शीलात तंबाखूचे नाव नाही, असा युक्तिवाद काही उपासक करतात. नाव असणार कसे? तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली, तोवर बुद्धांना दोन हजार वर्षे होऊन गेली होती. शीलाचा रोख प्रमादावर, बेसावधपणावर आहे, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला समजते.

पण नुसता उपदेश करून भागते का? याचे उत्तर आपल्याच राज्यातल्या दंतवैद्यांनी शोधले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंत संशोधनाचा एक गट होता. त्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडे तपासली. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. पण माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम १९७७ नंतरचे. केरळातला एर्नाकुलम, आंध्रातला श्रीकाकुलम आणि गुजरातेतला भावनगर या जिल्ह्यांतले तंबाखू वापरणारे ३६,००० लोक त्यांनी निवडले. दंतवैद्य दरवर्षी त्यांच्याकडे जात, तोंड तपासत आणि समोर बसून तंबाखू सोडायला सांगत. जोडीला चित्रपट, भित्तिपत्रके होती. औषध काही नव्हते. तरी समजावलेल्या गटात सोडणारे जास्त निघाले, आणि ज्यांनी सोडली त्यांच्या तोंडात नवे पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण घटले. म्हणजे दंतवैद्याने पाच मिनिटे बोलणे हाही एक उपचारच आहे. माझ्या मामांना ती पाच मिनिटे मिळाली नाहीत.

भगिनींनो, हे फक्त पुरुषांचे दुखणे समजू नका. निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या आपल्या कितीतरी बाया सकाळी मिसरी नाहीतर गुडाखू लावतात. दात साफ होतात, दुखणे थांबते आणि भूक मरते, असे त्या सांगतात. भूक मारावी लागते, ही त्यातली खरी गोष्ट. त्यांना हसण्यात अर्थ नाही. पण मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर व टूथपेस्टवर केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. मुंबईत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. मिसरी व तत्सम तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. आधीच अशक्त आईच्या बाळाला १०५ ग्रॅम म्हणजे थोडे नव्हे.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. वरची दाढ काढली की डोळे जातात, असे आपल्याकडे अजून मानतात. दातांच्या शिरा वेगळ्या, दृष्टीची शीर वेगळी. दाढ काढल्याने कोणी आंधळे होत नाही. भुईरिंगणीची धुरी घेऊन दातातले किडे पाडणारेही आहेत. दातात किडा नसतोच. गोड व पिठूळ अन्नावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात, त्याने दात पोखरतो. बाबासाहेबांनी आपल्याला विज्ञाननिष्ठ धम्म दिला. धुरीवाल्याला पैसे देताना ते आठवावे.

दवाखान्यात गेलात तर संकोच करू नका. आता बऱ्याच ठिकाणी दाताचा क्ष-किरण फोटो लगेच संगणकाच्या पडद्यावर दिसतो. तो दाखवा म्हणावे, कीड कुठवर गेली ते विचारावे. सुई नवी आहे ना, हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक केली आहेत ना, हेही विचारावे. 'ब' प्रकारची कावीळ अशा हत्यारांतून पसरू शकते. आणि शेवटी म्हणावे, "डॉक्टर, गाल आणि जिभेखाली पण पाहून घ्या." अमरावतीला इर्विन दवाखाना आहे, विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, अकोल्याला सर्वोपचार आहे. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करावा, पैसे लागत नाहीत.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालावीत. तीनही गेली पाहिजेत. दोनच जात असतील, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा-लाल चट्टा पुसून जात नसेल, तर वाट पाहू नये. पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहारातच सगळ्यांनी करून पाहायला काय हरकत आहे?

मामांची तेव्हा दीड बोटे गेली होती. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितले, निबर झालेला गाल पहिल्यासारखा होणार नाही, पण खर्रा सुटला तर पुढची वाढ रोखता येईल. त्यांनी व्यायाम दिला: आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची, जमेल तशी एकेक काडी वाढवायची. खर्रा दोनदा सुटून पुन्हा लागला. तिसऱ्यांदा सुटला त्याला आता अकरा महिने झाले. सदऱ्याच्या त्याच खिशात आता काड्या असतात. परवा फोनवर म्हणाले, "दोन बोटं गेली बापू. ठेचा मात्र अजून जमत नाई."