सूर्याचा कॅमेरा सोळा मेगापिक्सेलचाच!

होस्टेलवर कोणी नवीन मोबाईल किंवा कॅमेरा आणला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती मेगापिक्सेल?" उत्तर दोनशे आलं की सगळे "सही!" म्हणतात आणि बारा आलं की बिचाऱ्या मालकाचा चेहरा पडतो. मित्रांनो, आज या प्रश्नाबद्दलच थोडं लिहायचं आहे. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी सांभाळून घ्या!) कारण आपल्या फोटोग्राफी क्लबच्या यंदाच्या पैशांत दोनपैकी एकच गोष्ट येणार आहे: जास्त मेगापिक्सेलची नवीन बॉडी, किंवा सध्याच्या २४ मेगापिक्सेलच्या बॉडीसाठी एक चांगली लेन्स आणि ट्रायपॉड. जे घेऊ ते पुढच्या तीन-चार बॅचेसना वापरावं लागणार आहे. माझं मत लेन्सला. का, ते सांगते.

सुरुवात पुण्यातल्याच एका कॅमेऱ्यापासून करू. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका संस्थेने इस्रो आणि इतर संस्थांबरोबर 'सूट' नावाची सौर दुर्बीण बनवली. २ सप्टेंबर २०२३ ला ती आदित्य-एल१ यानातून निघाली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरून सूर्याचे अतिनील प्रकाशातले फोटो काढणं हे तिचं काम, आणि त्यासाठी तिच्यात ११ फिल्टर आहेत. आता तिचा सेन्सर किती पिक्सेलचा असेल? ४०९६ × ४०९६, म्हणजे जेमतेम १ कोटी ६८ लाख. आपल्या भाषेत सोळा-सतरा मेगापिक्सेल! एक पिक्सेल सूर्यावरचे साधारण ५०० किलोमीटर दाखवतो.

मग शास्त्रज्ञांनी कंजूषपणा केला का? अजिबात नाही. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधलं डिफ्रॅक्शन आठवा. गोल छिद्रातून गेलेला प्रकाश एका बिंदूत कधीच गोळा होत नाही, त्याचा छोटा ठिपका बनतो. ठिपक्याचा व्यास = २.४४ × तरंगलांबी × एफ-नंबर. सूटचा एफ-नंबर २५ च्या आसपास आहे आणि तिच्या एका महत्त्वाच्या फिल्टरची तरंगलांबी ०.२८ मायक्रॉन. गुणाकार केला की ठिपका येतो १७ मायक्रॉनचा. तिचा पिक्सेल आहे १२ मायक्रॉनचा. म्हणजे लेन्स जेवढं देते तेवढंच सेन्सर घेतो. तिथे ३ मायक्रॉनचे पिक्सेल बसवले असते तर संख्या सोळा पट झाली असती, पण तोच धूसर ठिपका आणखी बारीक चिरला गेला असता, बस. शिवाय १६ बिटच्या हिशेबाने एक फोटो सुमारे ३४ एमबीचा असतो, तो ५०० एमबीच्या वर गेला असता. आणि तो पाठवायचा कुठून? १५ लाख किलोमीटरवरून!

दुसरी गोष्ट प्रकाशाची. गच्चीवर पावसात एक मोठं घमेलं ठेवा आणि तेवढ्याच जागेत सोळा वाट्या ठेवा. एकूण पाणी तेवढंच, पण प्रत्येक वाटीत थोडं थोडं. फोटॉनही पावसाच्या थेंबांसारखेच कसेही पडतात. १६०० फोटॉन मिळाले तर त्यात साधारण ४० चा चढउतार असतो, म्हणजे अडीच टक्के. १०० मिळाले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. हाच तो अंधारातल्या फोटोंत दिसणारा रवाळपणा, ज्याला आपण नॉइज म्हणतो. २०० मेगापिक्सेलचे मोबाईलसुद्धा बहुतेक वेळा सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. सोळा वाट्या पुन्हा एका घमेल्यात!

आता आपल्या क्लबकडे येऊ. आपल्या २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरचा पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा आहे. हिरव्या प्रकाशात एफ/८ ला ठिपका ११ मायक्रॉन, एफ/१६ ला २१. म्हणजे "सगळं शार्प यावं" म्हणून एफ/१६ लावणाऱ्यांचा एक ठिपका पाच पिक्सेल व्यापतो. ६० मेगापिक्सेलची बॉडी आणली तरी हा ठिपका तसूभरही लहान होणार नाही.

विसर्जनाच्या रात्रीचा लक्ष्मी रोड घ्या. आपली किट लेन्स ५५ मिलिमीटरला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. तिला १/१५ सेकंद लागत असेल, तर एफ/१.८ च्या ५० मिलिमीटर लेन्सला १/१५० पुरतं. १/१५ मध्ये ढोलाची टिपरू म्हणजे नुसता पंखा दिसतो. ही चूक पिक्सेल वाढवून सुधारत नाही, उलट मोठी होऊन दिसते.

पण लेन्स म्हणजेही जादूची कांडी नाही. एफ/१.८ वर तीन मीटरवरून फोकसची खोली साधारण पाव मीटर. ढोलवाला शार्प, मागचा ताशेवाला गेला! झूम नाही, त्यामुळे गर्दीत आपले पायच झूम. पूर्ण उघडल्यावर कडा थोड्या मऊ येतात, ते वेगळंच.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर जास्त मेगापिक्सेलही काही ठिकाणी हवेतच. कवडीपाटला लांबचा पक्षी क्रॉप करायचा असेल, किंवा जुना नकाशा ए-२ आकारात ३०० डीपीआयने छापायचा असेल (त्याला ३५ मेगापिक्सेल लागतात), तर मोठी बॉडी जिंकते. पण आपण वर्षभर काय करतो? गॅदरिंग, स्पोर्ट्स, गणपती आणि हे मासिक. त्याच्या ए-४ कव्हरला ३०० डीपीआयने पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. कॉरिडॉरच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, कॅमेरा टेबलावर घट्ट ठेवा, सेल्फ-टायमर लावा आणि एफ/५.६, ८, ११, १६, २२ असे पाच फोटो काढा. मग कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून बारीक टाईप वाचा. कोणत्या फोटोपासून अक्षरं विरघळायला लागतात ते लिहून ठेवा आणि तो कागद घेऊनच क्लबच्या मीटिंगला या. मतदान त्यानंतर करू.