केडगावचे खिळे

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीतून केडगावला उतरणारे बरेचसे नारायण महाराजांच्या बेटाला निघालेले असतात. मी उतरतो तो पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनसाठी, आणि त्यातही तिथल्या छापखान्याच्या वेडापायी.

पार्श्वभूमी भराभर उरकतो. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला नेलं. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा, दहा वर्षांच्या बोलीवर. १८९३ मध्ये धर्मांतराच्या संशयावरून ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बाया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुक्काम केडगावच्या शेतावर. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या बाया आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. उपासमार रमाबाईंना नुसती ऐकून ठाऊक नव्हती. आईवडील आणि बहीण त्यांनी दुष्काळातच गमावली होती.

टीकाकारांचा मुद्दा पोकळ होता असं मी म्हणणार नाही. भाकरी देणाऱ्याचा धर्म उपाशी पोर कोणत्या तोंडानं नाकारणार? पण त्या पोरींना दारात उभं करणारी दुसरी घरं तरी किती होती?

   

केडगावात शेती होती, दूधदुभतं होतं, माग होते, तेलाचा घाणा होता. अंध बायांना ब्रेल शिकवलं जाई. पण माझा जीव अडकलाय छापखान्यात. मी लहानपणी आमच्या गावच्या प्रेसमध्ये तासन्‌तास बसायचो, त्यामुळे छपाईचे खिळे जुळवणं म्हणजे काय ते ठाऊक आहे. खिळ्यावरचं अक्षर उलटं. देवनागरीत नुसती मूळाक्षरं पुरत नाहीत. काना, वेलांट्या, रफार, जोडाक्षरं, प्रत्येकाचं घर वेगळं. कुठल्या घरात काय हे हाताला पाठ व्हावं लागतं. जुळारी ओळ लावणार, तिच्यात जागा भरून ती घट्ट करणार, मग प्रूफ, मग दुरुस्त्या, फर्मा छापून झाला की पुन्हा एकेक खिळा आपापल्या घरात. हे काम केडगावात बायांनी केलं. निरक्षर आलेल्या मुली आधी वाचायला शिकल्या, मग अक्षर उलटं ओळखायला.

आणि छापलं काय? अख्खं बायबल! रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळाबरहुकूम नवं भाषांतर केलं. संस्कृत पांडित्यासाठी कलकत्त्यात १८७८ मध्ये ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेल्या या बाईंनी भाषा मात्र साध्या बायांना कळेल अशी धरली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. त्याआधी वर्षभरात मुलगी मनोरमाही गेली होती. १९२४ मध्ये ग्रंथ बाहेर आला.

परदेशी देणग्या, विलायती बायांची मदत, प्रार्थनासभा यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. या छापखान्याला त्यात दोन ओळी मिळतात. चर्चमध्येही पुढे बायबल सोसायटीचंच भाषांतर रुळलं आणि रमाबाईंचं अभ्यासकांपुरतं उरलं, हे मला आजही पटत नाही.