सेक्टर आणि गाव : नवी मुंबईतील स्थलवाचक शब्दांचा विचार

जुन्या गावात स्थळांची नावे वापरातून रूढ होतात. आळी, वाडा, पार, पाणवठा ही नावे कोणी ठरवून दिलेली नसतात. तेथे चालणाऱ्या व्यवहारांनी ती दिलेली असतात. नियोजित वसाहतीत हा क्रम उलटा होतो. नकाशा आधी, नाव त्याबरोबर, घर त्यानंतर आणि बस, शाळा, दवाखाना ह्यांचा क्रमांक पुष्कळदा सर्वांत शेवटी. अशा वसाहतीतील माणसे कोणत्या शब्दांनी स्थळांचा निर्देश करतात हे पाहिले असता तेथील सेवांची वाटणी कशी झाली आहे ह्याचाही बराचसा उलगडा होतो. नवी मुंबई हे ह्याचे महाराष्ट्रातील अतिशय बोलके उदाहरण होय.

खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्यांनी १९६५ साली ‘मार्ग’ ह्या नियतकालिकातून मांडली. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच सिडको, स्थापन झाले आणि ९५ गावांचा सुमारे ३४४ चौरस किलोमीटरांचा प्रदेश त्याच्याकडे आला. एकच मध्यवर्ती बाजारपेठ असलेले शहर न वसविता रेल्वेमार्गावर मण्यांप्रमाणे ओवलेले अनेक ‘नोड’ वसवावेत, प्रत्येक नोडचे सेक्टर पाडावेत आणि शाळा, दुकाने, मैदान ही रोजची गरज पायी चालण्याच्या अंतरावर भागावी, अशी ही योजना होती. ‘नोड’ ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द रुजला नाही ही गोष्ट आकस्मिक नाही. जवळचा शब्द ‘उपनगर’. परंतु उपनगर हे दुसऱ्या नगराच्या आधाराने जगते, आणि नेमके तेच योजनेला टाळावयाचे होते. प्रत्यक्षात मात्र बराच काळ ‘उपनगर’ हाच शब्द वस्तुस्थितीला अधिक जवळचा होता. खाडीवरील पूल १९७३ साली खुला झाला, पण लोहमार्ग वाशीपर्यंत येण्यास १९९२ साल उजाडले. मधली जवळजवळ दोन दशके वाशीकराचा दिवस मुंबईच्या बसने सुरू होई आणि बसनेच संपे. पनवेलपर्यंत गाडी धावू लागली ती १९९८ साली, आणि ठाण्याशी थेट जोडणी २००४ साली झाली.

सेक्टरांचे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये नव्याने एकपासून सुरू होतात. त्यामुळे ‘सेक्टर १०’ एवढाच पत्ता अपुरा ठरतो. वाशीचा, नेरुळचा की ऐरोलीचा, हे सांगावेच लागते. तथापि काही क्रमांक केवळ क्रमांक राहिलेले नाहीत. वाशीचा सेक्टर १७ म्हणजे बँका, कार्यालये आणि दुकाने. तेथे ‘सतरा’ ह्या संख्येला बाजारपेठेचा अर्थ आला आहे. ज्या क्रमांकाभोवती सेवा एकवटली तो नाव झाला, उरलेले टपालापुरते राहिले.

ह्याहून लक्षणीय प्रकार घरांच्या ‘टाइपां’चा. महामंडळाने आपल्या घरांना आराखड्यानुसार इंग्रजी अक्षरे दिली होती. ती कचेरीतील फायलींसाठी होती. रहिवाशांनी त्यांची स्थलनामे केली. वाशीतील ‘जे. एन. टाइप’ किंवा कोपरखैरण्यातील ‘एस. एस. टाइप’ म्हटले की घराचा नमुना नव्हे, तर ती वस्तीच डोळ्यांपुढे येते. मोडकळीस आलेल्या जे. एन. टाइप इमारतींच्या पुनर्विकासाचा प्रश्न दीर्घकाळ रेंगाळला, तेव्हा त्या अक्षरांना एका सामायिक गाऱ्हाण्याचाही अर्थ चिकटला. (नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे तर वसाहत बांधणाऱ्या संस्थेचेच नाव वसाहतीला पडले, आणि तेथे माणसे ‘सिडकोत’ राहतात. नवी मुंबईत हा प्रयोग संभवत नाही. जेथे सगळेच सिडकोचे, तेथे त्या शब्दाने काही वेगळे दाखविता येत नाही.)

परंतु भाषाभ्यासकाने खरे थांबावयास हवे ते ‘गाव’ ह्या शब्दापाशी. वाशी, तुर्भे, सानपाडा, नेरुळ ही नावे योजनेने निर्माण केलेली नाहीत. ती येथील आगरी-कोळी गावांची नावे होत. नोड उभे राहिले तेव्हा त्यांनी ही नावे घेतली, आणि मूळ गावाला आपल्या नावापुढे एक शब्द जोडणे भाग पडले. आज नुसते ‘वाशी’ म्हणजे नोड. शेकडो वर्षांच्या वस्तीला म्हणावयाचे ‘वाशीगाव’. जे मूळ तेच विशेषणाने ओळखावे लागणे आणि नंतर आलेल्याने निर्विशेषण नाव भोगणे, हा भाषेतील सत्तांतराचा स्पष्ट पुरावा आहे. ‘सीवूड्स-दारावे’ ह्या स्थानकनामात दोन्ही पक्ष संयोगचिन्हाने शेजारी बसविले आहेत. बोलण्यात मात्र दारावे गळते आणि सीवूड्स उरते.

ह्या शब्दभेदामागे जमिनीचा प्रश्न आहे. संपादनात शेती आणि मिठागरे गेली, गावठाण तेवढे वगळले गेले. गावठाणाची सीमा स्थिर राहिली, कुटुंबे मात्र वाढली. मुलासुनांसाठी सीमेबाहेर जी घरे उठली ती कागदोपत्री संपादित जमिनीवरील, म्हणून अनधिकृत. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले, आणि ‘साडेबारा टक्के’ हे अपूर्णांकाचे पद भूखंडाच्या एका जातीचे नाव बनले. त्याच धाटणीचा दुसरा शब्द ‘गरजेपोटी’. शासकीय कागदपत्रांत तो ‘गरजेपोटी केलेली बांधकामे’ अशा रीतीने येतो. ‘अनधिकृत’ हा शब्द बांधणाऱ्याला दोषी ठरवितो. ‘गरजेपोटी’ त्याचे कारण सांगतो. एका क्रियाविशेषणाने अपराधाचे रूपांतर अडचणीत केले, आणि नियमितीकरणाची सारी मागणी त्याच शब्दावर उभी राहिली.

सेवांच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय होतो? सेक्टरात रस्ता आधी आखला गेला आणि घर मागून आले. गावात घर आधी होते. रस्ता त्याला वळसा घालून गेला. नळ, गटार, कचऱ्याची गाडी ह्या सर्वांना रस्त्याची रुंदी गृहीत धरावी लागते. गावठाणातील अरुंद गल्ल्यांत आता मजल्यावर मजले चढले आहेत, आणि आगीचा बंब आत नेणे कठीण होऊन बसले आहे. त्या मजल्यांवर भाड्याने राहणारे पुष्कळसे श्रमिक असतात, कारण सेक्टरातील भाडे त्यांच्या आवाक्याबाहेरचे असते. तेव्हा गाव हीसुद्धा वसाहतीला एक सेवाच पुरविते, स्वस्त निवाऱ्याची. तिची नोंद कोणत्याही विकास आराखड्यात नव्हती.

मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भे भागात आले, आणि त्यांच्या मागोमाग माथाडी कामगार कोपरखैरणे, घणसोली येथे स्थायिक झाले. त्यांतील बहुसंख्य सातारा, सांगली ह्या बाजूंचे. ज्या बोलीत ‘डोळा’ हा ‘डोला’ आणि ‘पाणी’ हे ‘पानी’ होते, त्या आगरी बोलीच्या शेजारी अशा रीतीने देशावरची मराठी येऊन राहिली. ह्या सान्निध्याचा पद्धतशीर अभ्यास एखाद्या प्रबंधाचा विषय व्हावा.

१ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९६ पासून तिची स्वतःची बससेवा आहे, आणि मोरबे धरणही तिच्या मालकीचे आहे. दक्षिणेकडील खारघर, कळंबोली, कामोठे ह्या नोडांना मात्र नगरशासन मिळाले ते २०१६ साली, पनवेल महानगरपालिका स्थापन झाल्यावर. तोवर तेथील रहिवासी सिडकोला ‘सेवाशुल्क’ देत. पालिकेने २०१६ पासूनचा ‘मालमत्ता कर’ मागितला तेव्हा एकाच कचऱ्यासाठी दोनदा पैसे का द्यावयाचे, असा वाद उभा राहिला. हिशेबाचा भाग सोडला तरी ह्या दोन शब्दांतील अंतर मोठे आहे. शुल्क भरणारा हा पुरवठादाराचा ग्राहक असतो, आणि सेवा मिळाली नाही तर तक्रार करणे एवढेच त्याच्या हाती असते. कर भरणारा मतदारही असतो; नळाला पाणी का नाही, हे तो निवडणुकीत विचारू शकतो.