आम्ल, आम्लारी आणि आपले घर

शाळेतील ‘आम्ल, आम्लारी आणि क्षार’ हा धडा परीक्षेपुरता पाठ केला जातो आणि पुढे विसरला जातो. वास्तविक या धड्यातील बऱ्याच वस्तू आपल्या घरातच असतात. लिंबू, चिंच व ताक आंबट लागतात, कारण त्यांत आम्ल असते. खाण्याचा चुना, धुण्याचा सोडा व साबण हे आम्लारीधर्मी होत.

पदार्थ ओळखण्यासाठी प्रयोगशाळेत लिटमस कागद वापरतात. आम्लात निळा लिटमस तांबडा होतो, तर आम्लारीत तांबडा लिटमस निळा होतो. घरी आम्लारी ओळखण्याचे काम हळद करते. कपड्यावरील हळदीचा डाग साबण लावताच तांबडा होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा होतो.

असे का होते? आम्ल पाण्यात विरघळले की हायड्रोजन आयन वाढतात, आम्लारी विरघळली की हायड्रॉक्साइड आयन वाढतात. आयनांचा हा सिद्धांत मांडणारे स्वीडनचे शास्त्रज्ञ अऱ्हेनियस यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेनसेन यांनी ‘सामू’ हे माप दिले. शुद्ध पाण्याचा सामू ७, म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. लिंबाच्या रसाचा सामू सुमारे २ व चुन्याच्या निवळीचा सुमारे १२ असतो. म्हणजे दोन्ही पाण्यापासून सारख्याच अंतरावर, पण विरुद्ध दिशांना आहेत.

हे ध्यानात घेण्याचे कारण असे की, ॲसिड भाजते हे सर्वांना ठाऊक असते, पण चुन्याची तेवढी धास्ती वाटत नाही. चुन्याची डबी किंवा पुडी मुलांच्या हाती लागते आणि चुना डोळ्यांत उडतो. आम्लारी डोळ्याच्या पडद्यात खोलवर शिरते व दृष्टी कायमची जाऊ शकते.

आम्ल व आम्लारी एकत्र आल्यास क्षार व पाणी तयार होते. यास उदासिनीकरण म्हणतात. म्हणून काही जण ॲसिडने भाजल्यावर सोडा किंवा चुना लावतात. हे अत्यंत चुकीचे आहे. या क्रियेत उष्णता निघते आणि जखम अधिक भाजते. कातडीवर वा डोळ्यांत आम्ल जावो की आम्लारी, उपाय एकच : किमान वीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने धुणे आणि ताबडतोब दवाखाना गाठणे. पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण घसा दुसऱ्यांदा भाजतो.

दुसरा धोका संडास-मोरी धुताना असतो. अधिक स्वच्छ व्हावे म्हणून ॲसिड व ब्लिचिंग पावडर एकत्र टाकली जाते. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडलेला वायू तो हाच. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. डोळे चुरचुरले, ठसका लागला, तर सर्व सोडून मोकळ्या हवेत यावे.

ॲसिड पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. ते पातळ करायचे झाल्यास ॲसिड पाण्यात हळूहळू ओतावे, पाणी ॲसिडमध्ये नव्हे. साफसफाईचे काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना आणि घरातील मुलामुलींना एवढ्या गोष्टी आवर्जून सांगाव्यात. या धड्याचा खरा उपयोग तोच आहे.