कार्बन रेसिंग सायकल

कार्बन रेसिंग सायकल ही कार्बन तंतू आणि राळ यांच्या संमिश्र पदार्थापासून बनवलेली फ्रेम व फोर्क असलेली, डांबरी रस्त्यावरील शर्यतींसाठीची सायकल होय. व्यावसायिक शर्यतींतील जवळजवळ सर्व संघ आज अशाच सायकली वापरतात. कमी वजन, हवा तेथे मिळणारा ताठपणा आणि वायुगतिकीय आकार हे तिचे प्रमुख गुण आहेत. जास्त किंमत, आघातामुळे होणारी व बाहेरून न दिसणारी हानी आणि देखभालीत लागणारा काटेकोरपणा या तिच्या मर्यादा होत.

रचना

राळ मुरवलेल्या तंतूंचे पातळ थर साच्यात ठरावीक कोनांत एकावर एक रचून उष्णता व दाबाखाली कठीण केले जातात. हा पदार्थ तंतूंच्या दिशेने अतिशय बळकट असतो. आडव्या दिशेने मात्र त्याचे बळ मुख्यतः राळेवर अवलंबून असते. त्यामुळे फ्रेमचा दर्जा केवळ तंतूंच्या प्रतीवर नव्हे, तर थरांच्या मांडणीवर ठरतो. कार्बन संमिश्राची घनता सुमारे १.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर असते. ॲल्युमिनियमची घनता २.७, टायटॅनियमची ४.५, तर पोलादाची सुमारे ७.८ आहे.

इतिहास

१९८६ मध्ये ग्रेग लेमाँड यांनी तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली, तेव्हा त्यांच्या लूक कंपनीच्या सायकलीच्या फ्रेममध्ये कार्बनच्या नळ्या होत्या. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये क्रिस बोर्डमन यांनी लोटस कंपनीच्या एकसंध कार्बन फ्रेमच्या सायकलीवर वैयक्तिक पाठलाग शर्यतीचे सुवर्णपदक मिळवले. ही सायकल धावपट्टीवरील शर्यतीची असली, तरी कार्बनला हवा तो आकार देता येतो हे तिने दाखवून दिले. १९९८ मध्ये मार्को पान्तानी यांनी ॲल्युमिनियमच्या सायकलीवर तूर जिंकली. त्यानंतर मात्र कार्बनचे वर्चस्व प्रस्थापित झाले.

गुण

चढावर चालकाची शक्ती प्रामुख्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होते, म्हणून तेथे वजनाला महत्त्व असते. चालक व सायकल यांचे एकत्रित वजन ७८ किलोग्रॅम असताना सायकल १ किलोग्रॅमने हलकी केल्यास एकूण वजन सुमारे १.३ टक्क्यांनी घटते. एका तासाच्या तीव्र चढावर त्यामुळे साधारण पाऊण मिनिट वाचते. शर्यतीत हा फरक निर्णायक ठरू शकतो. हौशी चालकाच्या दृष्टीने तो किरकोळ आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना हवेचा रोध हा मुख्य अडथळा असतो. त्यातील बहुतांश वाटा सायकलीचा नसून चालकाच्या शरीराचा असतो.

पेडलजवळचा भाग ताठ आणि आसनाकडील भाग लवचिक ठेवणे कार्बनमध्ये शक्य असते. त्यामुळे पेडलवरील जोर वाया न जाता रस्त्याचे हादरे काही प्रमाणात शोषले जातात. कार्बन गंजत नाही. उत्तम प्रकारे बनवलेली फ्रेम वारंवार येणारा ताणही दीर्घकाळ सहन करते.

मर्यादा

धातूची नळी मोडण्यापूर्वी सहसा वाकते किंवा तिला पोचा पडतो. कार्बन मात्र फारशी पूर्वसूचना न देता तुटू शकतो. पडल्यावर किंवा दगड लागल्यावर आतील थर एकमेकांपासून सुटतात, पण वरचा रंग शाबूत राहू शकतो. उतारावर वेगात असताना फोर्क किंवा हँडल मोडल्यास गंभीर अपघात संभवतो. म्हणून अपघातानंतर जाणकाराकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते. हानी मर्यादित असल्यास नवे थर चढवून दुरुस्ती करता येते.

बोल्ट जास्त आवळल्यानेही नळी चिरडते. त्यामुळे उत्पादकाने नेमून दिलेल्या बलापुरतेच, टॉर्क पान्याने ते आवळावे लागतात. कार्बन व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात घामाचे खारे पाणी शिरल्यास ॲल्युमिनियम झिजते आणि सीटपोस्ट अडकून बसतो. रिमवर दाबणारे ब्रेक असल्यास लांब उतारावर कार्बनची रिम तापून तिची राळ मऊ होण्याचा धोका असतो, तसेच पावसात ब्रेकची पकड कमी होते. डिस्क ब्रेकमुळे ही अडचण दूर झाली असली, तरी वजनात थोडी भर पडली. केबल व ब्रेकच्या नळ्या हँडलमधून आत नेलेल्या असल्यास साधे बेअरिंग बदलणेही वेळखाऊ ठरते.

कठीण झालेली राळ पुन्हा वितळत नाही. त्यामुळे निकामी फ्रेमचा पुनर्वापर धातूच्या फ्रेमइतका सोपा नसतो.

नियम

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या २००० पासून लागू असलेल्या नियमानुसार शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोग्रॅमपेक्षा कमी असू शकत नाही. याहून हलकी सायकल बनवणे शक्य असल्याने उत्पादकांचा भर आता वजनाबरोबरच वायुगतिकीवर असतो. रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेकला २०१८ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली.